एक मणी, एक गाठ

पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून
मी माझीच माळ पुन्हा गाठायला बसले.
दारव्ह्याच्या बाजारातले मोती,
साठ रुपयांना पुडी,
त्यातले चार तर चक्क लांबट, पालीच्या अंड्यासारखे.

कौसाबाई पटवेकरीण सांगायची,
दोरा मेणातून दोनदा काढ,
गाठ सुईच्या टोकावर धरून
मण्याच्या गळ्याशी ने, मग ओढ.
घाईची गाठ मधेच बसते,
पुढे सरकत नाही, सुटतही नाही.

"खोटेच तं हायेत," वच्छी म्हणाली,
"काहून इतल्या गाठी मारतं व?"
मी दातांनी दोरा तोडला.
"थे दोऱ्याले कुठी मालूम हाय!"

गेल्या साली हीच घालून वेचणीला गेले.
पऱ्हाटीच्या फांदीनं ओढली, तटकन तुटली.
सारे जागच्या जागी, गाठींनी धरलेले.
एकच निसटला
ओटीतल्या कापसात,
पांढऱ्यात पांढरा.
शोधला नाही.
जिनिंगवर गेला असेल, तिथून गठाणीत,
आता कुठल्याशा गावी
कुणाच्या गादीत टोचत असेल,
अन् ती बाई रात्रभर कूस बदलत असेल.

त्याच्या जागी आज निळा काचमणी ओवला.
बरा दिसतो.
नाहीही दिसत.