लाल पेटी

सातपूरच्या कारखान्यात बावीस वर्षं
मी रबराचे वॉशर तपासले.
हातात गेज असायचा, दोन टोकांचा:
एक टोक आत जायलाच हवं,
दुसरं जाताच कामा नये.
गेलं, की माल लाल पेटीत.

आज कॉलेज रोडच्या दुकानात उभी आहे.
लवंगी पिशवीतून डोकं काढून बघतेय,
साडेतीन किलोचं पामेरियन,
जबडा माझ्या अंगठ्याएवढा,
पण घरात चपलांची एक जोडी धड उरली नाही
आणि रिमोटवरचा सात
परवा तिच्या पोटातून सुखरूप परत आला.

पोरगा म्हणतो, हा ससा घ्या मावशी, चूं वाजतो.
वाजतो खरा.
मी शिवण ओढून बघते, दोन टाके तिथेच सुटतात,
आत शिट्टी, वाटाण्याएवढी.
लाल पेटी.

मग हे हाड घ्या, अस्सल, वर्षभर पुरेल.
नख रुतवते. नख हरतं.
जिथे नख हरलं तिथे दातही हरणार,
आणि तिची दाढ ती केवढी,
इंद्रायणी तांदळाचा दाणा.

चेंडू सुरेख उसळतो.
अंगठा आणि तर्जनीचं कडं करते,
हे तिच्या घशाचं माप.
चेंडू कड्यातून अलगद खाली पडतो
आणि गडगडत काउंटरखाली जातो.
पोरगा वाकून शोधता शोधता विचारतो,
कुत्र्याचं खेळणं घेताय की रॉकेटचा पार्ट?
रॉकेटचं काय रे, म्हणते,
ते एकदाच उडतं.

त्याला काय सांगू,
एका मार्चअखेरीला, रात्री पावणेदहाला,
गाडी गेटवर उभी, साहेब घड्याळाकडे बघतायत,
तेव्हा मी एक अख्खा लॉट न मोजता पास केला.
खाली सही माझी.
ते वॉशर कुठल्या गावच्या पंपात बसले,
गळले की टिकले,
कुणी कधी कळवलं नाही.
तक्रार आली असती तर बरं झालं असतं.

शेवटी एक सापडतं.
पोकळ, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं, निळं.
नख रुततं आणि खूण हळूहळू भरून येते.
नाकाशी धरते: गंधक नाही, जुन्या टायरचा वास नाही.
कड्यातून जात नाही.
तीनशे ऐंशी रुपये.
चपलेपेक्षा महाग, म्हणते मी,
आणि देते.

घरी पोळ्यात दही भरलं, गाजराचा कीस कोंबला,
फ्रीजरमध्ये ठेवलं.
तेवढ्यात थेटे काका दिंडोरीहून आले,
खांद्यावर द्राक्षांची पेटी,
थॉमसन, साखरेसारखी, म्हणाले,
आणि एक मणी घेऊन खाली वाकले.
मी त्यांचा हात धरला. अक्षरशः धरला.
डॉक्टर बेदमुथांनी बजावलंय, एकही नाही,
बेदाणासुद्धा नाही, मूत्रपिंडं जातात.
काका बराच वेळ बोलले नाहीत.
नाशिकचं कुत्रं, म्हणाले मग,
आणि द्राक्ष चालत नाही.
चहा अर्धा ठेवून गेले.

रात्री निळं पोळं लवंगीसमोर ठेवलं.
तिने हुंगलं, दही चाटलं,
एकदा माझ्याकडे बघितलं,
आणि सरळ गेली त्या रिकाम्या पेटीकडे.
पुठ्ठा. करकरीत. कोपरा तोंडात मावणारा.
शेपटी पंख्यासारखी.

द्राक्षं मी केव्हाच कपाटावर चढवली होती.
आता जमिनीवर बसलेय, चष्मा लावून,
हातात स्क्रूड्रायव्हर,
पेटीच्या पिना उपसतेय.
प्रत्येक कोपऱ्याला तीन, म्हणजे बारा.
वाटीत अकरा आहेत.
पुन्हा मोजते. अकरा.
लवंगी काखेत दाबून धरलीय,
तिचं काळीज माझ्या बरगडीवर टकटक करतंय,
गाडी गेटवर उभी असल्यासारखं.
थांब गं, म्हणते,
एक राहिलीय.