चिमूटभर कमी

फुसाए फिरते घरोघर,
पिशवीत क्षारमापक, पेनाएवढा.
मिसोच्या कढणात बुडवते, आकडा वाचते,
वहीत टिपते. रागावत नाही कुणावर.
आमच्या घरचा आकडा मात्र तिनं
कधीच कुणाला सांगितला नाही.

नागानोच्या या डोंगरात बर्फ हटता हटत नाही.
पालेभाजी मिठात दाबायची, वर दगड.
त्यावरच आमचे बाप तगले,
आणि साठीच्या आत गेलेही.
माझा भाऊ क्यूझो छपरावरचं बर्फ ओढताना
फावड्यासकट बसला, तो बसलाच.
खाल्ल्या मिठाला जागणारं रक्त आमचं.

त्या हिवाळ्यात फुसाएनं मला न विचारता
दर पंधरवड्याला चिमूटभर कमी केलं.
मी सोयासॉसची बाटली शोधायचो,
ती दर वेळी आणखी वरच्या फळीवर.
शेवटी स्टूल आणलं. पोहोचलो.
उतरताना गुडघा बोलला,
आणि बाटलीत निघालं निम्मं पाणी.

मी काही म्हणालो नाही.
दुसऱ्या दिवसापासून सफरचंदाच्या बागेपर्यंत
चालत जाऊ लागलो, रागानंच.
राग कधी ओसरला कळलं नाही, चालणं राहिलं.

काल वहिनीकडे गेलो. तिनं कढण दिलं.
एक घोट, आणि जीभ आखडली.
वाटी खाली ठेवणार, तोच ती म्हणाली,
“यांना अस्संच आवडायचं.”
मी वाटी उचलली. तळापर्यंत प्यालो.

घरी येऊन फुसाएला सांगितलं नाही.
तिनं रात्री माझ्या उशाशी पाणी ठेवलं,
नेहमीपेक्षा मोठ्या भांड्यात.