हाडातलं पाणी

लोक आम्लाला घाबरतात. मी नाही.
मांडीच्या हाडातली चमचाभर मज्जा
नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवली
की माणूस संपतो.
रक्त, चरबी, जुनी दुखणी
पिवळ्या धुरातून निघून जातात
आणि नळीच्या तळाशी उरते
चिमटीतही न येणारी पांढुरकी धूळ.
ती काच असते.
पाण्यातल्या जिवांनी पाण्यातूनच घडवलेली.

तार्तूच्या तळघरात बावीस वर्षं मी हेच करते.
अहवालाखाली सही असते: लेएलो.
ती कुणी वाचत नाही.

मार्चमध्ये पेइप्सी सरोवराचा बर्फ
वरून भरवशाचा दिसतो.
साव्वाती, वय एकोणसाठ,
जाळं, पहार आणि घसरगाडी घेऊन गेला.
घसरगाडी दुसऱ्या दिवशी मिळाली.
तो एप्रिल संपताना, वेताच्या बेटात,
कपाळावर जखम.
शेजाऱ्याशी भांडण होतं, जाळ्याच्या जागेवरून.
म्हणून फॉर्मवर एवढीच एक ओळ:
पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता का?

मेलेल्याच्या छातीत पाणी शिरतं
आणि तिथंच थांबतं.
हाडापर्यंत पोचायला
हृदयाचे ठोके लागतात.
चारदोन का होईना.

भिंगाखाली आधी काहीच नव्हतं.
मग एक.
कंगव्यासारख्या बारीक रेघांची होडी,
नावाडी नसलेली.
मग एक गोल, बटणासारखं.
तासाभरानं तिसरा, मोडका.

शेजारच्या काचपट्टीवर त्याच सरोवराचा थेंब होता.
तिथं हेच डायटम जिवंत होते,
मधाच्या रंगाचे,
मागेपुढे सरकणारे, जणू काही विसरलंय.
बर्फाखाली जो अंधुक उजेड पोचतो
त्यावर त्यांचा वसंत आमच्या आधी येतो.
प्रत्येकाचं घर म्हणजे एक डबा, एक झाकण.
वाटणीत एकाला झाकण मिळतं, एकाला डबा,
आणि दोघंही मिळालं त्याला झाकणच समजून
आत नवा डबा घडवतात.
ज्याच्या वाट्याला डबा आला
तो जरा लहान राहतो. त्याची लेक आणखी लहान.
असं होता होता कुणीतरी एक दिवस
काच टाकून उघडं होतं,
दुसऱ्या उघड्याला भेटतं,
आणि पुन्हा पणजीएवढं वाढतं.

एव्हलाम्पिया बसनं आली.
डोक्याचा रुमाल हनुवटीखाली पिननं पक्का,
पिशवीत कांद्यांची वेणी आणि धुरावलेला मासा.
मी दाखवायला नको होतं. दाखवलं.
तिनं दोन बोटांनी क्रूस काढला,
सुईत दोरा ओवताना मिटतात तसा एक डोळा मिटला.
"हे त्याच्यात होते?"
हो.
"किती?"
तीन.
बराच वेळ ती बघत राहिली.
"चाळीस वर्षं बर्फाच्या भोकातून
ओंजळीनं पाणी प्यायचा तो.
चहासुद्धा त्याच पाण्याचा.
मग हे तेव्हाचे नसतील कशावरून?"

बावीस वर्षांत हा प्रश्न
एकाही वकिलानं विचारला नव्हता.
पुस्तकात आहे तो, बारीक अक्षरात.
तीन म्हणजे फार कमी, हेही आहे.
मी म्हटलं, सांगता येत नाही.
ती म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही."

मेलेले तिनं मागितले नाहीत.
जिवंत थेंब ज्या बरणीतून घेतला होता
तिच्याकडं बोट दाखवलं.
"माझी बस तिकडंच जाते. सोडते यांना."
नोंद झालेला नमुना, क्रमांक पडलेला.
मी झाकण घट्ट लावून दिलं.

खिडकी जमिनीच्या पातळीवर आहे माझी.
दिसले ते तिचे बूट,
आणि पिशवी एका हाताला,
दुसरा हात बहुतेक छातीशी,
कारण ती चालत होती
काठोकाठ भरलेलं काही नेताना चालतात तशी.

फॉर्मवरची ओळ अजून कोरी आहे.
टेबलावर कांद्यांची वेणी.
घसा कोरडा पडला म्हणून नळ सोडला,
पेला उजेडात धरला,
नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.
मग प्याले.