एकोणीस आटे

क्रांतीनगरच्या व्हॉल्व्हला एकोणीस आटे.
हिराजी भोईर पहाटे चार दहाला लोखंडी झाकण उचलतो,
चावी लावतो, मोजत सुटतो.
सतराव्याला पाइप खोकतो,
मग गल्लीभर हंडे.

पन्नास मिनिटं.
जास्त मागितलं तर तानसाची पातळी सांगतो,
घरच्या कुणाचा ताप सांगावा तशी.

भिंतीपलीकडे मिठी.
तिला चावी नाही, वेळ नाही.
बापाने तिच्यात निवट्या धरल्या,
हे पोरांना खोटं वाटतं.

भिंतीखालचा सांधा गळतो. तीनदा कळवलंय त्याने.
काठाच्या दगडांत त्या गळतीचं
वीतभर डबकं साचलंय;
सगळ्या मिठीत तेवढाच तळ दिसतो.

आज दुरुस्तीवाले आले.
कुठं गळतंय, दाखव म्हणाले.
हिराजीने एकदा डबक्याकडे पाहिलं,
एकदा रांगेतल्या कळशांकडे,
आणि बोट दाखवलं.