पंधरा ऑगस्ट, शून्य रुपये

आरोंद्याच्या गाडीवर पहिल्यांदा ड्युटी लागली
तेव्हा तिकिटाच्या मशीनमध्ये टप्पा दिसला: पंधरा ऑगस्ट.
मला वाटलं, कुणीतरी चुकून तारीख गावांत घातली.
ड्रायव्हर वेतोरेकर म्हणाला, थांबा आहे तो. घंटी मारा.

थांबा म्हणजे काय, एक पत्र्याची शेड,
मागं खाडी, पुढं काजूची उतरण,
आणि सोड्याचं दुकान, त्याचंही नाव तेच,
फक्त पाटीवरचा शेवटचा 'स्ट' खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेला.

पंधरा ऑगस्टची सून माहेरी गेली.
पंधरा ऑगस्टात काल दुपारपासून लाइट नाही.
असं बोलतात हे लोक, सरळ तोंडानं.
हसू मला एकटीलाच येतं. मी कंधारकडची.
आमच्याकडे सतरा सप्टेंबर.
तेरा महिने उशिरा पोचलं आमच्या गावाला;
मास्तर म्हणायचे, बैलगाडीनं आलं असेल.

बाजाराच्या दिवशी आंतोन चढतो,
तिसऱ्या सीटवर, पायांशी सुंगटांची पिशवी.
पंच्याहत्तरीच्या वरचा, त्याला प्रवास फुकट.
मशीन कागद काढतं: पंधरा ऑगस्ट, रुपये शून्य.
तो कागद घडी घालून खिशात ठेवतो.
एकदा विचारलंच, असलं कसलं हो गावाचं नाव?
"गावाचा न्हय ता, बाय. होडयेचा."

रवळू तारी म्हणून होता.
ह्या काठावर नवं राज्य, त्या काठावर पाखले,
मधलं पाणी एका बिडीचं.
त्यानं होडीला निळा रंग काढला
आणि शाळेतल्या पोराला चणे देऊन
नाळीवर नाव लिहून घेतलं.
बायको म्हणाली, तिकडं मारतील.
तो म्हणाला, तिकडं वाचता कोणाक येता?

येत नव्हतंच. पलीकडच्या चौकीवर शिपायानं
अक्षरांवर बोट ठेवलं: किदें बरयलां?
रवळू खोटं बोलला नाही.
"पंधरा आगोस्त."

शिपायानं टोपी काढली.
कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा.
त्या दिवशी त्यांच्या सायबिणीचं फेस्त,
मरियामाय देहासकट स्वर्गात गेली तो दिवस.
कुठल्या परक्या तारयानं एवढी भक्ती करावी!
त्या खेपेला त्यानं जकात घेतली नाही
आणि पुढल्या फेस्ताला
नाळीला बांधायला अबोलीची फाती आणून दिली.

पलीकडे ते यायला चौदा वर्षं चार महिने लागले.
तोवर होडी जात राहिली, येत राहिली,
साखर, रॉकेल, भाताच्या गोणीत पत्रकं,
एकदा तर रडणारी नवरी,
आणि नाव तेच, पुसलं नाही, झाकलं नाही.

"तो शिपाय म्हजो पाय," आंतोन म्हणाला.
मी म्हटलं, आणि त्यांना कधी कळलंच नाही?
तो खिडकीबाहेर बघत राहिला. पूल दिसायला लागला होता.
"कळला मगे. तिसऱ्या फेरयेक."
मग?
"मग काय! फेस्त काय खोटा आसा?"

पूल झाल्यावर होडी चिखलात बसली.
तिची एक फळी शेडमध्ये बाकडं म्हणून आहे.
मी बसून पाहिलं एकदा, गाडी बिघडली तेव्हा.
निळं काही उरलेलं नाही,
खिळ्याला साडी तेवढी अडकली.

रोज घंटी मारते. "पंधरा ऑगस्ट कोण?"
मागची शाळेची पोरं रोज ओरडतात, अमर रहे!
आंतोन उठतो, गुडघा धरून,
आधी पिशवी उतरते, मग तो.

परवा रजेचा अर्ज भरला.
कारण लिहिलं: सतरा सप्टेंबर.
साहेबांनी चष्मा वर केला,
हे कुठल्या रूटवर येतं?