साठ पौंड

माझं काम हवा आत ठेवायचं.
मानेवाडा रिंग रोड, बेसा वळणाच्या अलीकडे,
कडुलिंबाला टांगलेलं टायर हीच पाटी.
सत्तावीस वर्षं झाली.
अंगठा दाबून सांगतो किती उरली,
ट्यूब घमेल्यात बुडवतो,
बुडबुडा निघेल तिथं बोट ठेवतो,
खिसेकापूचं मनगट धरावं तसं.

नागपूरचा मे. तीन वाजता डांबर चपला सोडत नाही.
अशा वेळी आली निखाऱ्यांची तृणाली,
मागे सुमेध, त्याच्यामागे त्याचा भाऊ, नुसत्या बनियनवर.
"काका, पंप देता का जी?"
सायकल कुठाय?
"सायकल नाही जी. बाटली."

दोन लिटरची, कुणाच्या तरी लग्नातली.
तिला पंख चार, मागच्या निवडणुकीच्या फलकाचे,
एकावर अर्धा कान,
एकावर जोडलेले हात, मनगटाशी कापलेले.
टोकाला प्लास्टिकचा चेंडू, अर्धाच.
तोंडात रबरी बूच, बुचात पेनची नळी.
मी म्हटलं, इथून फसफसन.
फसफसली.
तीनदा. सुमेध पंप मारून मारून टोमॅटो झाला,
बाटली जागच्या जागी ओली होऊन उभी.

मग डब्यातला ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढला,
बूच गरम सळईनं भोसकलं, वायसर घातला, नट आवळला.
दुपारभर गिऱ्हाईक नव्हतं.
खोटं कशाला बोलू, होतं एक, मोटारसायकल घेऊन.
त्याला म्हटलं, थांबा जी.

पाणी कूलरच्या टाकीतलं, वाळ्याच्या वासाचं.
सुमेधच्या आईनं तांब्यानं मोजून दिलेलं,
"एवढ्यातच उडवा. नळ आता परवा."
तृणालीनं एक हिस्सा पाणी भरलं, दोन हिस्से रिकामे.
पूर्ण भर ना, मी म्हटलं.
"पाणी ढकलाले हवा लागते ना काका.
तिले जागा नको का?"
इतकी वर्षं हवा विकली,
तिच्या जागेचा विचार मनात आला नव्हता.

ले-आउटमधला अकरा नंबरचा प्लॉट,
मालक पुण्याला की दुबईला, एकमत नाही.
चार दगड, एक बाभूळ.
पाईपच्या तुकड्यावर बाटली उलटी बसवली,
झिप-टायच्या पकडीला सुतळी,
सुतळी सुमेधच्या हातात, दहा पावलं दूर.
पंप मी घेतला. पोरांच्या हातात साठ पौंड देत नसतात.

वीस. तीस. बाटली कडक झाली, कुरकुरली.
छोट्याला उलटं मोजता येत नाही.
"पाच!" तो ओरडला, "सहा! सात!"
पन्नास.
साठला काटा आला की मी हात काढतो,
टोपण लावतो, पैसे घेतो.
इथून पुढचं मी कधी पाहिलंच नव्हतं.
"सरका जी काका!"
"आठ!"

नऊच्या आधीच सुतळी ओढली गेली.
ओली चादर झटकावी तसा आवाज,
आणि पाईपावर काही नाही.
आम्ही तिघं खाली पाहतोय मूर्खासारखे
तोवर ती कडुलिंबाच्या वर,
तिसऱ्या मजल्यावरच्या काळ्या टाकीच्या वर,
तो अर्धा कान उन्हात एकदा चमकला.
मग पाणी पडलं आमच्यावर. कोमट.
चष्म्यावर, बनियनवर, उघड्या तोंडात.

तृणाली हलली नाही.
डोळ्याशी कंपासपेटीतला कोनमापक,
मध्ये दोरा, दोऱ्याला माझाच आठ नंबरचा नट.
आलेखाच्या कागदावर रेघ ओढली, चौकटी मोजल्या,
वहीत लिहिलं: एकतीस मीटर?
प्रश्नचिन्ह कायले?
"हात हलला ना जी थोडासा."

बाटली बंद बंगल्याच्या गच्चीवर उतरली,
तिथं कुलूप, आणि कुत्रा असल्याची पाटी.
दुसरी बाटली कुठं मिळेल यावर दोघं भांडत निघाले.
छोटा अजून मोजतच होता, सतरा, अठरा,
त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं.

गिऱ्हाईक सावलीत पेंगत बसलेलं.
मागचं चाक जास्त भरलं होतं कुणीतरी.
व्हॉल्व्हची पिन नखानं दाबली,
हवा निघाली, थंड, बोटावर,
आणि मी दाबूनच धरली, जरा जास्तच वेळ.
"काऊन जी?" तो म्हणाला.