एक र जास्त

सगुण धुरी यायचा दुपारी, लिलावाची ओरड बसल्यावर,
बर्फाच्या पाठकोऱ्या पावत्यांची गड्डी घेऊन.
कागद ओलसर, बांगड्याचा वास.
मी पंखा बंद करायचे आणि पानं काउंटरवर
सोड्यांसारखी पसरायचे.

एसटी स्टँडसमोर माझं टायपिंग, झेरॉक्स.
सातबाऱ्याचे अर्ज, लग्नपत्रिका, बारावीचे फॉर्म,
आणि वर्षातून दोनदा सगुणचा फार्स:
एक जत्रेला, एक गणपतीत.
टाइप करता करता मी हसायचे.
गिऱ्हाईक विचारायचं, काय गो, एकटीच?

त्याचा सरपंच खुर्ची उशाला घेऊन झोपायचा.
त्याचा कंत्राटदार रस्ता करायचा एवढा पातळ
की कोंबडीनं उकरला तर खालचं गाव दिसावं.
आणि पहिल्या रांगेत खरा सरपंच, खरा कंत्राटदार,
मांडीवर थापा मारत:
"हसान हसान प्वॉट दुखला रे सगुण!"
मग शाल, नारळ, पाचशे एक.
पुढच्या वर्षी तोच रस्ता.

यंदा शाल माझ्या काउंटरवर ठेवून म्हणाला,
"मी उलटी फॅक्टरी चालवतंय गो.
लोकांचो राग घट्ट येता,
माज्याकडून पाणी होवन जाता."
शाल तिथेच राहिली. मी ती प्रिंटरवर टाकते, धूळ बसू नये म्हणून.

मग जेटीची नोटीस लागली.
पंचायतीच्या नव्या फळ्यावर, काचेआड,
किल्ली तलाठ्याच्या खिशात.
सगुणनं काचेला नाक लावून ती उतरून घेतली,
तीन दुपारी.
हे टाइप कर, म्हणाला. नाटक आसा.

मी विनोदाची वाट बघत होते.
दुसऱ्या पानावर येईल. तिसऱ्या.
'याद्वारे सर्व संबंधितांस कळविण्यात येते.'
'रापणीचा सदर किनारा निरुपयोगी असल्याचे आढळून आले आहे.'
ह्यात तुझं काय, मी विचारलं.
म्हणाला, स्वल्पविराम.

प्रूफ वाचताना त्याचं बोट एका ओळीवर थांबलं.
'सदर प्रकल्प लोकरहितार्थ राबविण्यात येत असून'
एकोणीस वर्षांत मी नावं चुकवली नाहीत, गट नंबर चुकवले नाहीत.
"तुजो एक र जास्त पडलो गो."
मी बॅकस्पेसकडे हात नेला.
"ऱ्हवांदे," म्हणाला.

अकरा वर्षं त्याच्या फार्सात लुगडं नेसणारा बाब्या केळुसकर
चहा न पिता उठला.
भावाचा टेम्पो जेटीवाल्यांकडे लागलाय.
आणखी दोघं गेले. कारण सांगितलं नाही.
उरली इंद्रावती कुबल. तिला वाचता येत नाही.
बर्फाच्या लाद्यांमध्ये उभं राहून बावीस दिवस
सगुणनं तिच्याकडून नोटीस पाठ करून घेतली.

प्रयोग सकाळी सहाला, लिलावाच्या जागी.
पडदा नाही. पहिली रांगही नाही,
सगळे टोपल्या घेऊन उभे.
इंद्रावतीनं पदर खोचला आणि सुरमई पुकारावी तशी
नोटीस पुकारली:
सर्व संबंधितांस, एक वार!
कळविण्यात येते, दोन वार!
लोक हसले. सवयीनं.
सगुण टोपीत हात घालून उभा,
बघत होता हसू कुठवर टिकतं.

लोकरहितार्थ.
मागून कुणी म्हणालं, काय म्हणाली?
तिनं परत सांगितलं.
एक जण फिसकन हसला, मग त्यानंच इकडेतिकडे पाहिलं.
पाण्यात होडी होडीला घासली, तेवढा आवाज.
तीन वार कुणी म्हटलंच नाही.

मला वाटलं होतं, त्या दिवशी काहीतरी होईल.
काही झालं नाही. मासळी विकली गेली.
संध्याकाळी मात्र माझ्याकडे सात जण आले,
हरकतीचा अर्ज टाइप करायला.
दुसऱ्या दिवशी एकतीस. आठ आणे सूट मागत होते पानामागे.

आज हवालदार आलाय, बदलीचा अर्ज घेऊन.
त्याच्या दोन चुका मी आत्ताच सुधारल्या.
खाली बघत विचारतो,
ते नाटकाचं तुम्हीच टाइप केलंत? तो र... मुद्दाम?
मी शाल बाजूला केली.
म्हटलं, बसा. प्रिंटर गरम व्हायला वेळ लागतो.